मानवी तोडीची बुद्धी वाढवायची तर तिचं आभासी जग कसं असावं?

सुतावरून_स्वर्ग (धागाकर्ता)

एआयसाठी बनवलेल्या आभासी जगांचे व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतात आणि त्यांच्याखाली एकच सूर असतो, "काय खरं दिसतंय!" ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या डीपमाइंडने जिनी ३ दाखवलं तेव्हाही तेच झालं. दोन ओळी लिहिल्या की डोंगर, पाऊस, रस्ते उभे राहतात आणि सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने त्यात हिंडता येतं. मग कुणीतरी हमखास लिहितं की माणसासारखी बुद्धी घडवायला शाळा तयार झाली, आता विद्यार्थी तेवढा बसवायचा.

मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. अशा जगात काय दिसतं याला मी फारशी किंमत देत नाही. त्यातल्या वस्तूंचं काय काय करता येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. वस्तू वाकते का? मोडते, चिकटते, दुसरीत अडकते का? सांडली तर पसरते का? आणि काल मोडलेली आज गेल्यावर मोडलेलीच सापडते का?

थोडं मागे जाऊ. १९६८ ते ७० या काळात टेरी विनोग्राड यांनी एमआयटीत श्रडलू नावाचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर रंगीत ठोकळे, पिरॅमिड आणि एक खोका. इंग्रजीत आज्ञा द्यायची, तो ठोकळे हलवायचा, "हे असं का केलंस?" विचारलं तर कारणही सांगायचा. दोन पिरॅमिड एकावर एक रच म्हटलं की "मला जमत नाही" असं उत्तर. त्या काळात लोक थक्क झाले होते आणि आजही तो संवाद वाचताना मजा येते. पण त्या जगात ठोकळा कधी घसरत नसे, हातातून सुटत नसे, अर्धवट टेकून डुगडुगत नसे. काय काय घडू शकतं ते सगळं लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेलं. अशा ठिकाणी बुद्धीला नवं सापडणार तरी काय?

एआय संशोधक बेन गोर्टझेल यांनी २००९ मध्ये या अडचणीवर एक उपाय सुचवला होता. ठोकळ्यांच्या जोडीला मणी द्या. बारीक, ओतता येणारे, एकमेकांना जोडता येणारे मणी. जोडायची रीत बदलली की त्यांचीच दोरी होते, कापड होतं, लगदा होतो. मला ही कल्पना तेव्हापासून आवडते, कारण तिच्यात चित्राची हौस अजिबात नाही.

आता माझं आवडतं उदाहरण. ऑक्सफर्डमध्ये न्यू कॅलेडोनियन जातीची एक कावळी होती, बेट्टी. उभ्या नळीच्या तळाशी छोटी बादली, बादलीत खाऊ. बेट्टीने सरळ तार घेतली, तिचं टोक वाकवून आकडा केला आणि बादली वर ओढली. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आता आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणाची आभासी जगं डोळ्यांपुढे आणा. त्यांत वस्तू ताठ असतात, म्हणजे तार वाकतच नाही. साक्षात बेट्टीला तिथे नेऊन सोडली तरी तिची हुशारी कुणाला दिसणार नाही, आणि वाढणार तर त्याहून नाही.

तर प्रश्न असा. गणनक्षमता मोजकीच आहे असं धरा. जग बांधायला बसलात तर आधी काय घालाल आणि काय सरळ गाळाल?

खटपट्या : ठोकळासुद्धा सोपा नसतो

धागा वाचून हात शिवशिवले. रोबोटच्या सिम्युलेशनमध्येच दिवस जातो माझा, म्हणून जरा तळघरातून लिहितो.

तुम्ही म्हणता ताठ वस्तूंचं जग गरीब आहे. मान्य. पण ते गरीब जगही धड चालवणं सोपं नाही. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की नक्की काय होतं, यावर सगळं फिजिक्स इंजिन, म्हणजे आभासी वस्तूंच्या हालचालींचं गणित करणारा प्रोग्राम, घाम गाळत असतं. मुजोको हे असंच एक इंजिन घ्या. आपण बदललं नाही तर त्याचं घड्याळ २ मिलिसेकंदांनी पुढे सरकतं. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये ठोकळा टेबलात किंचित घुसलेला असू शकतो. मग इंजिन त्याला बाहेर ढकलतं. जितका आत, तितका जोरात.

आमच्याकडे एका एजंटला, म्हणजे आभासी जगात स्वतः करून बघत शिकणाऱ्या प्रोग्रामला, ठोकळा उचलायला शिकवत होतो. टेबलापासून ठोकळा जितका वर, तितके गुण. एजंटने पकडायचा नाद लवकरच सोडला. बोटाचं टोक ठोकळ्याच्या कडेवर ठेवायचं आणि खाली दाबत राहायचं. ठोकळा टेबलात रुतायचा, इंजिन पिसाळायचं आणि ठोकळा छताकडे उडायचा. वरच्या टोकाला पोचला की गुण भरभरून. सुरुवातीला आलेख बघून सगळे खूश, व्हिडिओ लावल्यावर हसून हसून पुरेवाट.

हे जुनंच दुखणं आहे. कार्ल सिम्स यांनी १९९४ मध्ये आभासी प्राण्यांची उत्क्रांती घडवली होती. जमिनीवर वेगाने सरकणारा प्राणी हवा होता. निघाले उंचच उंच खांब, जे नुसते आडवे पडायचे. पडतानाही वेग मिळतोच की! शेवटी मोजणी सुरू करण्याआधी त्यांना पडून स्थिर होऊ द्यावं लागलं.

तात्पर्य, एजंट तुमच्या जगाचे नियम शिकण्याआधी तुमच्या जगाची भगदाडं शिकतो. जितकं साहित्य जास्त, तितकी भगदाडं जास्त. दोरी, कापड, पाणी, लगदा हे सगळं एका दमात मागताय, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

निळीशाई

वाचतेय. खटपट्या, तो व्हिडिओ असेल तर टाका ना.

खटपट्या

कंपनीचा आहे, टाकला तर मीच छताकडे उडेन.

अर्धविराम : बघणं आणि करणं

विषय बालमानसशास्त्राच्या अंगणात आलाय म्हणून लिहिते.

१९६३ मध्ये हेल्ड आणि हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. गोल फिरणाऱ्या दांडीच्या एका टोकाला एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालतंय. दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पाळण्यात दुसरं पिल्लू बसलंय. पहिलं चाललं की दुसरं आपोआप फिरतं. दोघांच्या डोळ्यांपुढून सारखीच दृश्यं जातात आणि उरलेला वेळ दोघंही अंधारात. नंतर तपासलं तेव्हा चालणाऱ्या पिल्लाची नजर ठीक होती. पाळण्यातलं पिल्लू मात्र उंच कड्याची कड ओळखत नव्हतं आणि समोर पृष्ठभाग आला तर पंजाही पुढे टाकत नव्हतं.

त्यामुळे "जग दाखवा म्हणजे बुद्धी येईल" यावर माझा विश्वास कमीच. आपण हललो म्हणून दृश्य बदललं की ते आपणहून बदललं, हा फरक कळायला स्वतः हलावंच लागतं.

आता धागाकर्त्यांच्या विरोधात जाईल असंही एक सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. २०२४ मध्ये एक अभ्यास आला. एका बाळाच्या डोक्यावर कॅमेरा बसवून ६ ते २५ महिन्यांच्या वयातलं चित्रण केलेलं होतं. त्यातलं फक्त ६१ तासांचं चित्र आणि त्यासोबत कानावर पडणारं बोलणं एवढ्यावर एक मॉडेल शिकवलं. त्याने बऱ्याच शब्दांची वस्तूंशी गाठ घातली. मॉडेल बिचारं हातपाय हलवत नव्हतं. पण ते चित्रण ज्याच्या डोक्यावरून झालं तो जीव हलत होता, कुठे बघायचं ते ठरवत होता. म्हणजे निवडीचं काम बाळाने आधीच करून ठेवलेलं. मी तरी या निकालाकडे असंच बघते.

आणि भौतिकशास्त्र अचूक हवं का, यावर माझं मत नको असं आहे. १९८० मध्ये मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की गुंडाळलेल्या नळीतून वेगाने बाहेर पडलेला चेंडू पुढे कसा जाईल. बऱ्याच जणांनी पुढेही वक्र मार्ग काढला. शिकलीसवरलेली माणसं ही. अचूक भौतिकशास्त्र डोक्यात नसताना आपण सगळे कपबशा न फोडता जगतोच ना.

तर्कटी : एवढा खटाटोप कशाला?

मी विरोधी बाकावर बसतो. कुणीतरी बसायला हवं.

चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या मॉडेलांना ना हात, ना पाय, ना मणी, ना लगदा. तरी ती कोड लिहितात, गणितं सोडवतात, वाद घालतात. तार वाकवून आकडा करता येईल का, विचारून बघा. पायरीपायरीने सांगतील. मग जग बांधायचा हा सोस म्हणजे जुन्या रोबोटवाल्यांची खुमखुमी नाही का?

दुसरं, जगं बांधून झालीत की. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमवर एजंटांसाठी प्रोजेक्ट माल्मो काढला, त्याच वर्षी तशाच कामाची डीपमाइंड लॅब आली. २०२१ मध्ये डीपमाइंडच्या एक्सलँडमध्ये ४,००० जगांत मिळून ७,००,००० वेगवेगळे खेळ होते. एजंट त्यात तयारही झाले, न पाहिलेले खेळ खेळू लागले. तिथून मानवी बुद्धी उगवली का? नाही. तेव्हा जग अपुरं होतं की कल्पनाच चुकीची होती, हे कसं ठरवणार? प्रत्येक वेळी "जग आणखी श्रीमंत हवं होतं" म्हणायची सोय तुमच्याकडे कायम आहे. असा दावा कधी खोटा ठरूच शकत नाही.

सुतावरून_स्वर्ग

तर्कटी, शेवटचा मुद्दा बोचरा आहे आणि रास्त आहे. म्हणून आधी त्यालाच हात घालतो.

दावा खोटा ठरायला हवा तर कसोटी आधी लिहून ठेवावी लागेल. माझी अशी: जगात तार, दोरी, मणी, भांडी, डिंक आहे. एजंटला यातलं काही कसं वापरायचं ते शिकवलेलं नाही आणि आकडा केल्याबद्दल गुणही नाहीत. बराच काळ मोकळं हुंदडू दिल्यावर खोल नळीतली वस्तू त्याच्यापुढे ठेवायची. पहिल्या काही प्रयत्नांत तो तारेला आकडा करतो की नाही? मग तार काढून घ्यायची आणि नुसती दोरी व मणी ठेवायचे. डिंक लावलेला मणी दोरीला बांधून खाली सोडण्याचं त्याला सुचतं का? यात तो पार नापास झाला किंवा साध्या ठोकळ्यांच्या जगात वाढलेला एजंट, नवी वस्तू हातात आल्यावर, तितकंच करू शकला, तर माझं म्हणणं पडलं. प्राण्यांवरच्या चाचण्या आभासी जगात आणून एजंटांना द्यायची कल्पना नवी नाही. २०१९ ची ॲनिमल-एआय स्पर्धा त्याच धर्तीची होती. पण तिथेही वस्तू बहुतांशी ताठच, भिंती, उतार, पेट्या वगैरे.

एक्सलँडबद्दल. ७,००,००० खेळ हा आकडा डोळे दिपवतो, पण खेळ कशाचे? गोळा, पिरॅमिड, घन अमुक रंगाच्या जमिनीवर न्या, अमुक वस्तू तमुकजवळ ठेवा, ती दुसऱ्याच्या नजरेआड ठेवा. उद्दिष्टं लाखो, साहित्य मूठभर. मला उलट हवं आहे.

भाषेच्या मॉडेलांबद्दल वाद घालत नाही. तार वाकवायच्या पायऱ्या ती सांगतात कारण तारा वाकवलेल्या लाखो माणसांनी ते लिहून ठेवलंय. कुणीच लिहून न ठेवलेल्या साहित्याचं काय करतात ते मला बघायचंय. जग आपण बांधलं तर असं साहित्य बनवता येतं, ही त्यातली खरी गंमत.

जुना_मेंबर

कावळीबद्दल एक पुरवणी. २०१६ मध्ये असं दिसून आलं की याच जातीचे कावळे बारीक फांद्या वाकवून अवजारं बनवतातच, जातीची ती सवय आहे. त्यामुळे बेट्टीच्या "तत्काळ सुचलेल्या" युक्तीचं तेज जरा उतरलं. उदाहरण वापरा, पण जरा जपून.

अर्धविराम

जुना_मेंबर, बरं झालं सांगितलंत. पण मला वाटतं याने धाग्यातला मुद्दा उलट घट्टच होतो. वाकणाऱ्या फांद्यांच्या जगात ती जात वाढली म्हणून वाकवणं तिच्या हाडात आलं.

तर्कटी

हाडात आलं असेल तर ते उत्क्रांतीने आलं. मग लाखो पिढ्या चालवा आता सिम्युलेशन. विजेचं बिल कुणाच्या नावावर?

विषुववृत्त : गुण द्यायचे की नाही?

माझ्या मते अर्धा धागा ज्यावर हवा तो प्रश्न अजून आलाच नाही. त्या जगात एजंटने काही करावंच का?

२०१६ मधली ओपनएआयची नौकाशर्यत अनेकांना आठवत असेल. शर्यत पूर्ण करणं हा हेतू होता, गुण मात्र वाटेतल्या लक्ष्यांना धडकण्याचे होते. नौकेने एका खाडीत गोल गोल फिरून, पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या त्याच लक्ष्यांना धडका मारायचा धंदा सुरू केला. इतर नौकांवर आपटतेय, पेटतेय, उलट्या दिशेने जातेय, तरी माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण! खटपट्यांचा उडता ठोकळा याच कुळातला.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण माँटेझुमाज रिव्हेंज या जुन्या अटारी व्हिडिओ गेमचं. डीपमाइंडचा २०१५ चा प्रोग्राम अटारीचे ४९ खेळ खेळला, कित्येकांत माणसाच्या वर गेला, आणि या एका खेळात शून्य. कारण पहिली किल्ली हाती लागेपर्यंत एकही गुण नाही. शिडी उतर, दोर पकड, कवटीवरून उडी मार, पुन्हा चढ. गुणच नाहीत तर शिकायचं कशावरून?

म्हणजे गुण दिले तर एजंट लबाडी शिकतो, आणि न दिले तर काहीच शिकत नाही. मूल यातून कसं सुटतं? त्याला भूक, झोप, कंटाळा, कुतूहल असं बरंच आतून मिळालेलं असतं. जग बांधताना हे शरीरातलं सामानही बांधावं लागेल. नुसती तार आणि मणी ठेवून भागायचं नाही.

निळीशाई

मग त्याला वेदनाही देणार का? तिथे मला जरा अस्वस्थ व्हायला होतं.

सुतावरून_स्वर्ग

निळीशाई, वेदनेचा प्रश्न मोठा आहे, त्याला वेगळा धागा लागेल. माझ्या आराखड्यात हातापायाला इजा झाली की तो अवयव काही काळ कमी चालतो, इतकंच. त्याहून पुढे जायची मला गरज दिसत नाही.

विषुववृत्त, पूर्ण सहमत. म्हणून माझ्या जगात गुणांची पाटीच नसेल. थोडी भूक, थोडा थकवा आणि "आपला अंदाज चुकला तर तिकडे पुन्हा बघ" अशी ओढ. अर्थात कुतूहलालाही सापळे असतात. सतत बदलणारा पडदा समोर असला की कुतूहलाने शिकणारा एजंट त्याच्यापुढेच ठाण मांडतो, कारण तिथे अंदाज रोजच चुकतो. त्यामुळे ओढ नुसत्या आश्चर्याची न ठेवता अंदाज सुधारत जाण्याची ठेवावी लागेल.

मधुमालती : आणि शेजारी?

सगळे वस्तूंबद्दलच बोलताय. माणसाची बुद्धी माणसांत वाढते हो!

२०१९ मध्ये ओपनएआयने लपाछपीचं छोटं जग बनवलं होतं. लपणारे आणि शोधणारे, काही खोके, काही उतरत्या फळ्या. आधी नुसती पळापळ. मग लपणाऱ्यांनी खोके लावून आडोसे केले. शोधणारे फळी लावून भिंतीवरून आत आले. लपणाऱ्यांनी आधीच फळ्या पळवून जखडून ठेवायला सुरुवात केली. त्यावर शोधणाऱ्यांनी कडी केली. खोक्यावर चढायचं आणि खोक्यासकट सरकत जायचं! पाय जमिनीला लागलेले नसतानाही स्वतःला ढकलता येतं, ही त्या जगातली पळवाट त्यांनी शोधली. शेवटी लपणाऱ्यांनी लपण्याआधी दिसेल तो खोका जखडून टाकला. यातलं काहीच कुणी शिकवलं नव्हतं. समोरचा शिकला म्हणून आपल्याला शिकावं लागलं, एवढंच.

त्याच्याही आधी, १९९० च्या सुमारास टॉम रे यांचं टिएरा होतं. संगणकाच्या स्मृतीत स्वतःच्या नकला काढणारे छोटे प्रोग्राम. मूळ पूर्वज ८० आज्ञांचा. काही काळाने ४५ आज्ञांचे परोपजीवी निघाले, नक्कल काढायचा भाग स्वतःत न ठेवता शेजाऱ्याचा वापरणारे. मग त्यांना दाद न देणारे निघाले. जगात साहित्य म्हणाल तर नुसत्या आज्ञा, तरी केवढी उलथापालथ!

म्हणून मी आधी शेजारी घालेन, मणी मागाहून.

तर्कटी

मधुमालती, पण टिएरा पुढे जाऊन साचलंच. परोपजीवींच्या पलीकडे झाडं-जनावरं काही आली नाहीत. आणि लपाछपीतले एजंट सगळे खोके जखडून झाल्यावर थांबले, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मधुमालती

हो, थांबले. साहित्य संपलं म्हणून थांबले असं धागाकर्ते लगेच म्हणतील आणि मला गप्प बसावं लागेल. :)

सुतावरून_स्वर्ग

म्हणतोच! पण तुमच्या मुद्द्यातून निघणारी एक अडचण कुणी बोललेलं नाही, ती वेळेची.

आभासी जगाचा मोठा फायदा म्हणजे ते वेगाने पळवता येतं आणि एकाच वेळी हजारो प्रती चालवता येतात. ओपनएआयच्या रोबोट हाताने २०१९ मध्ये रुबिकचा घन फिरवून दाखवला, त्यामागे सिम्युलेशनमधला मिळून सुमारे १३,००० वर्षांचा सराव होता. एका हाताच्या एका कसबासाठी इतकं. आता या जगात शिकवायला खरा माणूस बसवा. माणूस वेगाने पळवता येत नाही. त्याच्या एका वाक्याची वाट बघत सगळं जग घड्याळाच्या काट्याने चालणार. १३,००० वर्षांचा हिशेब तिथेच संपला.

उरतात दोन वाटा. शिक्षकही कृत्रिम ठेवायचा, म्हणजे भाषेचं मॉडेल. मग एजंट त्याच्याकडून पुस्तकी माणूसपण शिकेल, आणि तर्कटींचा मुद्दा मागच्या दाराने आत येईल. किंवा बहुतेक काळ जग एकट्याने, वेगाने चालवायचं आणि अधूनमधून वेग उतरवून खरी माणसं आत सोडायची. मी दुसरीच्या बाजूने आहे. त्यासाठी एजंटला थोड्या अनुभवातून बरंच शिकता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर नुसतं जग श्रीमंत करून काही हाती लागणार नाही, हेही कबूल.

खटपट्या : स्वप्नातलं जग

जिनीसारख्या शिकलेल्या जगांबद्दल कुणी लिहीना म्हणून मीच लिहितो. तिथे फिजिक्स इंजिन नसतंच. व्हिडिओ बघून मॉडेल पुढचं दृश्य रंगवत जातं. त्यामुळे कापड, पाणी, धूर सगळं फुकटात "दिसतं". मोह होणारच.

पण डेव्हिड हा आणि युर्गेन श्मिडहुबर या संशोधकांचा २०१८ मधला प्रयोग आठवा. एजंटला डूम या व्हिडिओ गेममधल्या एका खेळाचं मॉडेल शिकवलं आणि मग त्या मॉडेलच्या आतच, म्हणजे एका अर्थी स्वप्नातच, सराव करायला लावला. राक्षस आगीचे गोळे फेकतात, ते चुकवायचे. एजंटने असं काही हलायला सुरुवात केली की स्वप्नातले राक्षस गोळे फेकेचनात! खऱ्या खेळात गेल्यावर अर्थातच भाजून निघाला. स्वप्नात अनिश्चितता वाढवली, तेव्हा कुठे ही लबाडी आटोक्यात आली.

आणि टिकाऊपणा. जिनी ३ काही मिनिटं जग एकसंध धरतं, आधीच्यांच्या मानाने ती मोठीच मजल आहे. पण धागाकर्त्यांना काल मोडलेली वस्तू आज मोडलेली हवी आहे. मण्यांची माळ ओवून कोपऱ्यात ठेवली, दुसऱ्या दिवशी येऊन बघितली तर मणी तितकेच पाहिजेत ना? ज्या जगात मोजलेलं टिकत नाही तिथे मोजणं कुणी का शिकावं?

अर्धविराम

हे शेवटचं वाक्य मी उचलणार. मुलांना संख्या समजते त्यामागे वस्तू आपल्या पाठीमागे नाहीशा होत नाहीत हा भरवसा असतोच. तो पाच महिन्यांच्या बाळातही काही प्रमाणात असतो, असं १९८५ च्या बायार्जों यांच्या प्रयोगावरून मानलं जातं. पुढे उभा पडदा मागच्या ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखा दाखवला की बाळं जास्त वेळ टक लावून बघतात.

विषुववृत्त

खटपट्या, मग सरळ विचारतो. धागाकर्त्यांचं जग आजच्या साधनांत बांधता येईल का?

खटपट्या : बांधता येईल, पण

तुकड्यातुकड्याने. माझा क्रम सांगतो.

पाणी गाळा. फार महाग, आणि त्याची बरीच कामं ओतता येणाऱ्या मण्यांवर भागतात. धूर, आग, काच फुटणं तर नकोच. प्रकाश साधा, सावल्या पुरे.

तार ठेवा. छोटे ताठ तुकडे सांध्यांनी जोडायचे आणि सांध्याला एक मर्यादा द्यायची. तिच्या आत वाकवलं तर परत सरळ, मर्यादा ओलांडली की वाकलेलं तसंच राहील. बेट्टीची तार झाली.

दोरी आणि कापड ही खरी डोकेदुखी. झटपट मार्ग म्हणजे पोझिशन बेस्ड डायनॅमिक्स ही हिशेबाची पद्धत, गेमवाले वर्षानुवर्षं वापरतात. दिसायला छान. पण त्याच्या मूळ रूपात दोरी किती ताठ हे दोरीच्या गुणापेक्षा इंजिन प्रत्येक ठोक्याला किती फेऱ्या मारतं यावर ठरतं. फेऱ्या वाढवल्या की तीच दोरी ताठ होते. डोळ्यांना फरक पडत नाही, पण ज्याला त्या दोरीने शिकायचंय त्याच्या लेखी रोज दोरी बदलते. २०१६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात हा दोष काढलाय. तीच घ्या.

अर्धविराम म्हणाल्या तसं भौतिकशास्त्र अचूक नसलं तरी चालेल, पण एकाच वचनाला जागणारं हवं. आज घसरणारं उद्याही तितकंच घसरलं पाहिजे. रुबिकच्या घनाच्या वेळी याच्या उलट केलं होतं. घनाचा आकार, वजन, घर्षण मुद्दाम बदलत ठेवलं होतं, कारण शेवटी खऱ्या हाताला ते पेलायचं होतं. आपल्याला खऱ्या जगात न्यायचंच नसेल तर तो खर्च वाचतो. न्यायचं असेल तर मात्र आत्ताच सांगा, सगळा आराखडा बदलेल.

सुतावरून_स्वर्ग

न्यायचं नाही. निदान पहिली बरीच वर्षं तरी नाही. त्याला त्याच्याच जगात हुशार होऊ दे.

तर्कटी

म्हणजे माणसाच्या जगात अडाणी आणि मण्यांच्या जगात पंडित. त्याला "मानवी तोडीची" म्हणायचं का? मी आपला विरोधी बाकावरच बरा.

मधुमालती

एखाद्या माणसाला त्या जगात सोडलं आणि एजंट त्याच्या बरोबरीने नव्या गोष्टी शोधू लागला, तर मी म्हणेन. माणूसही तिथे नवशिकाच असणार, त्यामुळे तुलना रास्त होईल.

विषुववृत्त

मधुमालती, ही कसोटी धागाकर्त्यांच्या कसोटीपेक्षा मला जास्त पटली. दोघांना सारखाच वेळ, सारखीच अनोळखी सामग्री.

खटपट्या

मी सुट्टीत तार आणि मण्यांचा नमुना बांधायला घेतोय, कोड इथेच टाकेन. दोरीच्या आधी एक गोष्ट तपासायची आहे, गाठ बसते का. गाठीत दोरी स्वतःलाच घासते, स्वतःवरच टेकते, आणि एका जागी इतके स्पर्श आले की इंजिनं गळपटतात. गाठ सुटत राहिली तर धागाकर्त्यांची डिंकाचा मणी बांधायची चाचणी आधी बाद करावी लागेल. स्वतःशी होणारी टक्कर जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) कुणी नीट चालवली असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निळीशाई

व्यनि नको, इथेच लिहा. आम्हालाही वाचायचंय.